सुगंधी तेलांनी कीड मरते, पण तेल फवारायचं कुठे?

सुगंधी तेलांनी कीड मरते का? हो, मरते, यात शंका नाही. पण कुठे मरते हे कुणी विचारतच नाही आणि सगळा पैसा तिथेच जातो. खरीप लागला की आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, लवंग तेल दोन मिली मारा फुलकिडे गायब, गवती चहाचं तेल मारा पांढरी माशी गायब, निलगिरी मारा सगळंच गायब, आणि मग मिरचीवाली, पपईवाली पोरं मला फोन करतात की ताई कोणतं तेल घेऊ. मी शेती शिकलेय, शेती करते, घरच्या बांधावर गवती चहा आहे आणि ओळखीत एकाची तेल काढायची भट्टी आहे, म्हणून मला विचारतात. दरवेळी फोनवर तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून टाकते.

आधी एक घोळ मिटवू. निंबोळी तेल आणि करंज तेल ही सुगंधी तेलं नाहीत. ती घाण्यावर बी पिळून काढलेली जड तेलं आहेत, निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, आणि म्हणून निंबोळीच्या बाटलीवर ते किती आहे ते ३००, १५००, १०००० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) असं लिहिलेलं असतं. सुगंधी तेल म्हणजे पाला, गवत, साल, कळी वाफेवर ठेवून, ती वाफ थंड करून वर जो तवंग येतो तो. फरक बघायचा असेल तर कागदाच्या तुकड्यावर एका बाजूला निंबोळी तेलाचा थेंब टाका आणि दुसऱ्या बाजूला निलगिरीचा. संध्याकाळी बघा, निंबोळीचा तेलकट डाग जिथल्या तिथे असतो, निलगिरीचा जवळपास उडून गेलेला असतो, कागद पुन्हा कोरा. हा उडून जाण्याचा गुण हीच या तेलांची ताकद आहे आणि हीच त्यांची अडचण.

ताकद कशी ते सांगते. ओव्यात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्राल, निलगिरीत सिनिऑल. ही सगळी चटकन वाफ होणारी द्रव्यं. कीटकाला आपल्यासारखी फुफ्फुसं नसतात, अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक छिद्रं असतात आणि त्यातून हवा थेट आत जाते, म्हणजे हवेत तेलाची वाफ असेल तर तीही थेट आत. आत गेल्यावर ती मज्जासंस्थेवर हल्ला करते. आपल्या अंगात ॲड्रेनलिन जे काम करतं तसलं काम कीटकात ऑक्टोपामिन नावाचं द्रव्य करतं, आणि यातली काही द्रव्यं नेमकी त्या ऑक्टोपामिनच्या जागेवर जाऊन बसतात. काही दुसऱ्या मार्गाने जातात, थायमॉल म्हणा किंवा इतर काही म्हणा. काचेच्या बरणीत भुंगेरे ठेवून बघितलं तर दिसतं, आधी सैरावैरा पळतात, मग अडखळतात, मग उताणे पडून पाय हलवत राहतात आणि मग थांबतात. माणसात ऑक्टोपामिनची तशी व्यवस्था नाही, म्हणून ही तेलं आपल्याला त्या मानाने सौम्य. अमेरिकेत १९९६ पासून सिट्रोनेला, लवंग, गवती चहा, पुदिना, रोजमेरी, थाईम अशी बरीच तेलं कमी धोक्याच्या यादीत आहेत आणि त्यांना तिथे नेहमीच्या नोंदणीतून सूट आहे. मात्र ती यादी धोका कमी असण्याबद्दल आहे, कीड मरेलच याची ग्वाही त्यात नाही, हे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला पाहिजे.

आता अडचण. देवघरात उदबत्ती लावली तर दुपारपर्यंत वास राहतो, तीच अंगणात लावा, दोन पावलांवर काही कळत नाही. शेत म्हणजे अंगणच. ऑक्टोबरची दुपार, ३५-३६ डिग्री, वरून वारा, पानावर बसलेला तेलाचा बारीक थेंब किती टिकणार? फवारताना जी कीड थेट भिजली ती मरेल, जी वळलेल्या पानाच्या आत आहे, फुलात आहे, ती वाचेल, आणि उद्या परवा शेजारच्या वावरातून जी येईल तिला तर काहीच अडवणार नाही. प्रयोगशाळेत झाकणबंद बरणीत जे तेल ९०-९५ टक्के कीड मारतं तेच वावरात नापास होतं ते याच कारणाने, तेल खोटं असतं असं नाही.

आणि हिशोब पण करा ना. समजा अर्धा टक्का द्रावण, म्हणजे लिटरला ५ मिली, १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली, एकरी दहा पंप धरले तर पाऊण लिटर तेल. किलोला हजार रुपये धरले तरी साडेसातशेच्या आसपास नुसतं तेलाचं, वर साबण, मजुरी, आणि परिणाम एक-दोन दिवस. कापसाच्या गुलाबी बोंडअळीवर किंवा मक्याच्या पोंग्यातल्या लष्करी अळीवर तर मी साफ नको म्हणते. अळी बोंडात किंवा पोंग्यात घुसलेली, तेल वरच्यावर उडून जाणार, तिच्यापर्यंत पोचणार कसं.

मग ही तेलं कुठे वापरायची? जिथे वास कोंडून राहतो तिथे. एवढंच मला सांगायचंय आणि पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

पहिली जागा म्हणजे धान्याचा डबा, त्यातही कडधान्याचं बियाणं. आमच्या सासूबाई घरचं मुगाचं, चवळीचं, हरभऱ्याचं बी दरवर्षी ठेवतात. एक दिवस त्यांनी मुगाची मूठ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "नीट पहाय, लागनं का याले?" मी उन्हात धरून बघितलं तर काही दाण्यांवर पांढरे ठिपके, मोहरीपेक्षाही बारीक, नखाने खरवडले तरी पटकन निघत नाहीत. ती भुंगेऱ्याची अंडी. अंड्याच्या खालूनच अळी दाण्यात शिरते, आत बसून खाते, बाहेरून दाणा अगदी साबूत दिसतो, आणि मग एक दिवस गोल खिडकी पाडून भुंगेरा बाहेर येतो आणि लगेच नवीन अंडी घालायला लागतो. उन्हाळ्यात महिन्याभरात एक पिढी. बरं ही कीड घरात येऊन लागते असंही नाही, शेतात शेंगा वाळत असतानाच भुंगेरे त्यावर अंडी घालून जातात, म्हणजे आपणच ती पोत्यात भरून घरी आणतो.

बायका यावर पिढ्यान्‌पिढ्या उपाय करतायत, राख, कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेल. एरंडेल जड तेल आहे, ते दाण्यावर पातळ थर धरतं आणि अंडी गुदमरतात. ते काम करतं, मी त्याच्या विरोधात नाही, खायच्या डाळीला तर तेच चांगलं. पण बियाण्यासाठी आणि गच्च झाकणाच्या डब्यासाठी सुगंधी तेल फार सोयीचं आहे. आम्ही करतो ते असं: बी कडक उन्हात वाळवायचं, दाताखाली कट्‌कन फुटलं पाहिजे, चिवट लागलं तर अजून ऊन द्यायचं. काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकून ठेवलं की आतली उष्णता इतकी वाढते की बरीच अंडी-अळ्या तिथेच मरतात, हे आधी करावंच. बी पूर्ण गार झालं की डब्यात भरायचं. मग कापसाचा बोळा, त्यावर निलगिरीचं किंवा ओव्याचं तेल, दहा लिटरच्या डब्याला मिलीभराच्या आसपास, मलमलच्या कापडात पुरचुंडी बांधायची आणि झाकणाच्या आतून लटकवायची, दाण्याला टेकू द्यायची नाही. झाकण गच्च, आणि मग आठवडाभर डबा उघडायचाच नाही. रोज उघडून वास आहे का बघायला गेलं की वास बाहेर आणि भुंगेरे आत.

यात दोन गोष्टी समजून घ्या. एक, डबा दाण्यांनी भरलेला असतो आणि दाणे स्वतःच वास शोषून घेतात, म्हणून रिकाम्या बरणीतले आकडे भरलेल्या डब्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दोन, दाण्याच्या आत खोल बसलेली अळी बरीच सुरक्षित असते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुरचुंडी परत भिजवायची, तोवर आतले बाहेर आलेले असतात. आणि हो, तेल जास्त झालं तर बियाण्याची उगवण मारली जाते, ही तेलं गवताच्या बियांची उगवण रोखायला सुद्धा अभ्यासली जातात, तेव्हा जास्त टाकलं की जास्त चांगलं असं अजिबात नाही. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची, ती तर कुठल्याही बियाण्याची तपासायलाच हवी. खायच्या धान्याला मात्र मी हे तेल सुचवत नाही, वरणाला निलगिरीचा वास कुणाला आवडेल? तरी सुद्धा घरात, झोपायच्या खोलीशेजारी धान्याच्या पोत्यात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यातून निघणाऱ्या वायूने माणसं मरतात हो, अक्षरशः मरतात, त्यापेक्षा ऊन, एरंडेल आणि पुरचुंडी हजार पटीने बरी.

दुसरी कोंडलेली जागा म्हणजे मधमाश्यांची पेटी. व्हरोआ नावाचा गोचिडासारखा कोळी माश्यांच्या अंगावर बसतो आणि वसाहतीच्या वसाहती संपवतो. त्यावर जगभर थायमॉल वापरतात, पेटीच्या आत ठेवायचं, ते हळूहळू उडतं, कोळी मरतो आणि माशी तगते. आपल्या ओव्यातलंच द्रव्य. पेटी बंद असते म्हणून जमतं, आणि मात्रा मोजून दिलेली असते म्हणून माशी वाचते. ज्यांना वाटतं की नैसर्गिक म्हणजे मधमाशीला काहीच होत नाही त्यांनी हे वाक्य परत वाचा. सकाळी माश्या फुलावर असताना कुठलंही तेल अंगावर मारलं तर त्या मरतातच. फायदा इतकाच की दुसऱ्या दिवशी पानावर फारसं काही उरलेलं नसतं.

पॉलीहाऊस, शेडनेट हे मधलं काहीतरी. उघड्या वावरापेक्षा बरं, डब्याइतकं नाही.

तिसरी जागा मला सगळ्यात आवडते कारण तिथे तेल मारायला वापरतच नाहीत, बोलवायला वापरतात. बिहारमधल्या पुसा इथे इंग्रजांच्या काळात शेतीची मोठी संशोधन संस्था होती, तिथे एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. १९१२ साली त्यांनी नोंदवलं की सिट्रोनेला तेलाच्या वासाला फळमाश्या गोळा होतात, आणि त्या सगळ्या नर. विचार करा, ज्या तेलाने डास पळतात त्याच तेलाला फळमाशी धावून येते. पुढे १९१५ मध्ये त्यांनी दाखवलं की ओढून घेणारं द्रव्य मिथाईल युजेनॉल आहे, जे आपल्या तुळशीत पण असतं. आज आंब्याच्या, पेरूच्या बागेत जे पिवळे-पांढरे डबे टांगलेले दिसतात त्यात हेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कोकणात तुम्ही बघितला असेल. नर सापळ्यात गेले की माद्यांना जोडीदार मिळत नाही आणि फळात अळ्या कमी पडतात. पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात मिथाईल युजेनॉल आणि थोडं कीटकनाशक लावलेले तुकडे विमानातून टाकून फळमाशी पार संपवली होती. आपल्याकडच्या बऱ्याच सापळ्यांतही चिमूटभर कीटकनाशक असतं हे खरं, पण ते डब्यात असतं, फळावर नसतं, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो. १ मे २०१४ ला युरोपने आपला आंबा बंद केला होता तो फळमाशीमुळेच, हापूसवाल्यांनी तो सीझन कसा काढला ते त्यांनाच विचारा, पुढच्या वर्षी बंदी उठली. सापळे एकट्याने एका बागेत लावून जमत नाही, शेजारच्यांनीही लावले पाहिजेत, पडलेली फळं रोज वेचून खोल पुरली पाहिजेत. दुधी, कारलं, काकडीवरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्युअर नावाचं वेगळं आमिष लागतं, मिथाईल युजेनॉल लावून बसू नका. आणि सापळ्यातलं आमिष (ल्युअर) बदलताना हातमोजे घाला, ते द्रव्य अंगाला लागलेलं बरं नाही.

आता एवढं सांगूनही ज्यांना मिरचीवर मारायचंच आहे त्यांच्यासाठी. मावा, फुलकिडे, पांढऱ्या माशीची पिल्लं, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडीवर, सुरुवातीला, कमी असताना, थोडा उपयोग होतो. पण तेल पाण्यात मिसळत नाही ही गोष्ट लोक विसरतात. ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकून ढवळा आणि मिनिटभर थांबा, वर तवंग. पंपात पण हेच होतं, पहिले दहा-बारा लिटर जवळपास नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटच्या लिटर-दोन लिटरला सगळं तेल येतं. आमच्या भागात एका मिरचीच्या प्लॉटवर मी बघितलंय, प्रत्येक पंप जिथे संपला तिथल्या झाडांची शेंड्याची पानं कडेने तपकिरी होऊन कागदासारखी वाजत होती, मधली झाडं हिरवीगार आणि त्यावर फुलकिडे पण तसेच. लवंग तेल तर काही देशांत तणनाशक म्हणूनच विकतात, तण जाळायला, तेव्हा ते पिकाला जाळणार नाही असं कसं होईल. आधी तेल आणि मऊ साबण किंवा चांगला इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य) एकत्र घोटायचं, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे, मग थोडं थोडं पाणी घालत वाढवायचं, आणि पंप मधे मधे हलवत राहायचं. लिटरला २-३ मिलीच्या वर जाऊ नका, आधी कोपऱ्यातल्या पाच-दहा झाडांवर मारून दोन दिवस थांबा. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. काम झालं की पंप साबणाने धुवा, ही तेलं रबराचे वॉशर फुगवतात.

बाहेरच्या देशात यावर चांगलं काम झालंय, कॅनडातले मरे आयझमन या विषयावर कितीतरी वर्षं लिहितायत. युरोपात संत्र्याच्या सालीच्या तेलाची औषधं पांढऱ्या माशीवर वापरतात. द्राक्षाचे घड कुजवणाऱ्या करड्या बुरशीसाठी युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल यीस्टच्या रिकाम्या पेशींत भरून विकतात, म्हणजे तेल पानावर एकदम न उडता हळूहळू सुटतं. बघा, तिथे पण शेवटी वास कोंडायचीच धडपड आहे.

दुकानातल्या बाटल्यांबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, कीड मारायचा दावा करून विकायचं तर नोंदणी लागते. तरी बाजारात "वनस्पतिजन्य", "सेंद्रिय अर्क" नावाच्या बाटल्या असतात ज्यावर नोंदणी क्रमांक नाही, घटक नाहीत, पिकाचं नाव नाही. अशी बाटली मारली आणि दुसऱ्या दिवशी सगळी कीड खाली पडलेली दिसली, चार-पाच दिवस पुन्हा आलीच नाही, तर आनंद मानू नका, शंका घ्या. सुगंधी तेल असं वागत नाही. आत रासायनिक औषध मिसळलेलं असू शकतं, आणि मग निर्यातीच्या द्राक्षात किंवा मिरचीत रेसिड्यू म्हणजे औषधाचा अंश सापडला की माल परत येतो तो शेतकऱ्याचा, बाटलीवाला कुठेच नसतो. त्याहून वाईट म्हणजे सेंद्रिय आहे म्हणून फवारणारा मास्क लावत नाही, हातमोजे घालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी वाचलंय. ती औषधं उघड उघड विषारी होती, तिथे निदान डब्यावर धोक्याचा रंगीत त्रिकोण तरी असतो. बिनानावाच्या बाटलीवर तोही नाही. लेबल क्लेम, म्हणजे कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी मंजूर आहे ते, बघा, बिल घ्या, बिल देत नसेल तर ती बाटली तिथेच ठेवून या.

तेल भट्टीवाल्याकडून घेत असाल तर त्यालाही विचारा, कधी कापलेलं गवत, किती वेळ वाफ दिली, जीसी रिपोर्ट (तेलात कोणतं द्रव्य किती टक्के ते सांगणारी तपासणी) आहे का. गवती चहाच्या चांगल्या तेलात सिट्राल ७०-८० टक्के असतं, पण गवत जून झालं, पावसात कापलं किंवा तेल उन्हात पडून राहिलं की बदलतं. काळ्या किंवा तपकिरी काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवायचं.

आता एक आपल्या खानदेशातली गोष्ट, म्हणजे रोशा गवत. सातपुड्याच्या उतारावर हे गवत आपोआप यायचं, खानदेश आणि निमाडच्या जंगलात माणसं तिथेच भट्ट्या लावून तेल काढायची, ते मुंबईहून तांबड्या समुद्राकडे जायचं आणि पुढे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. त्या तेलात बहुतेक सगळं जिरॅनिऑल, तेच जिरॅनिऑल जे त्या द्राक्षाच्या औषधात आहे. लखनौच्या सीमॅप या सुगंधी-औषधी वनस्पतींवरच्या सरकारी संशोधन संस्थेने सुधारित वाण काढलेत आणि सुगंधी पिकं वाढवायच्या सरकारी अरोमा मिशनमध्ये या गवताची लागवडही वाढवली. पुढच्या हंगामात मला चवळीच्या बियाण्यावर निलगिरी, ओवा आणि रोशा अशी शेजारी शेजारी डबे ठेवून तुलना करायची आहे, एक डबा नुसत्या उन्हात वाळवलेल्या बियाण्याचा, बिनतेलाचा. निलगिरी आणि ओवा मिळतो, रोशाचं खात्रीचं तेल मिळत नाहीये. शिरपूर, शहादा, धडगाव बाजूला कुणाकडे चालू भट्टी असेल किंवा कुणाच्या आजोबांची बंद पडलेली असेल तरी मला कळवा, मी बघायला येते, तेलाचे पैसे देऊनच घेईन, आणि डबे उघडले की प्रत्येकातले भोक पडलेले दाणे मोजून इथेच लिहीन.